पाळकाकडे उमेदवाराचे नाव मागू नका, शास्त्रवचन मागा

अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती सहभागितांच्या पाळकांना आणि वडीलमंडळांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि वडीलजनहो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र कोणा एका मंडळीला उद्देशून नाही. डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंत जिथे जिथे आपले लोक महिन्यातून एखाद्या रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमून मराठीत उपासना करतात, आणि बाकीचे रविवार जवळच्या मोठ्या इव्हँजेलिकल, म्हणजे शास्त्रालाच शेवटचा अधिकार मानणाऱ्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये इंग्रजीत बसतात, त्या सगळ्या सहभागितांच्या पाळकांना आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांना मी लिहिते आहे. मी मूळची नगरची, बरीच वर्षे टेक्सासमध्ये राहते. दोन्ही ठिकाणची सभासद आहे, दोन्हीकडे दशमांश देते.

२०२६ च्या नोव्हेंबरात इथल्या संसदेच्या मध्यावधी निवडणुका आहेत. या वेळी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नाव घेऊन सांगावे, अशी कुजबुज आपल्यातही सुरू झाली आहे. माझे मागणे असे, की नाव सांगू नका. आणि त्याहून जास्त कळकळीने मागते, की नाव न सांगण्याच्या आडोशाने शास्त्राचे वचन गाळू नका. यातले पहिले मागणे बहुतेकांना पटते. दुसऱ्यावर मात्र लोक माना खाली घालतात.

पहिल्याबद्दल थोडक्यात. १९५४ साली, तेव्हा सिनेटर असलेल्या लिंडन जॉन्सन यांच्या दुरुस्तीमुळे करकायद्यात कलम आले, की करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थांनी कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही. चर्चही त्यात आले. हे कलम चर्चवर फारसे कधी चालवले गेले नाही, पण पाळकांना त्याचा एक मोठा आधार होता. कोणी दाता येऊन म्हणाला, "पास्टर, अमक्याचे नाव घ्या," तर "कायदा आड येतो हो," म्हणून सुटता येत असे. २०२५ च्या जुलैत आयआरएसने, म्हणजे इथल्या करखात्याने, टेक्सासमधल्या एका खटल्यात न्यायालयापुढे लेखी दिले, की चर्चने उपासनेच्या ओघात आपल्याच सभासदांशी उमेदवारांविषयी बोलणे या कलमात बसत नाही. घरातल्या माणसांनी आपसात बोलावे तसे ते समजावे. न्यायालयात त्याचे पुढे काहीही होवो, "कायदा आड येतो" हे उत्तर आता लंगडे झाले आहे. यापुढे जो पाळक नाव घेणार नाही, त्याला आपल्या विश्वासातूनच कारण द्यावे लागेल. त्या वेळी वडीलमंडळ त्याच्यामागे उभे राहणार आहे का, हे त्याला आजच कळायला हवे. कृष्णवर्णीय चर्चेसमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना रविवारी पुढे बोलावून उभे करण्याची पद्धत जुनी आहे; तिलाही माझा हाच आक्षेप आहे. व्यासपीठ उमेदवाराचे नव्हे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आता दुसरे. बाहेरचे लोक समजतात की इव्हँजेलिकल पुढारी सांगतात आणि मेंढरे मुकाट मत देतात. २०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिल्याचे दिसले, तेव्हापासून तर हे गृहीतच धरले जाते. चर्चच्या आत राहून पाहणाऱ्याला मात्र पुष्कळदा उलट दिसते. मंडळी पुढे गेलेली असते आणि पाळक मागे उभा राहून, आता हाक मारली तर नोकरी राहील की जाईल याचा अंदाज घेत असतो.

रसेल मूर यांचेच पाहा. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा इथला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट पंथ, आणि त्याच्या नीतिविषयक आयोगाचे ते तेव्हाचे प्रमुख. गर्भपाताविरुद्ध आयुष्यभर बोललेला माणूस. त्यांना उदारमतवादी म्हणणे कठीण. २०१६ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्या चारित्र्यावर टीका केली, आणि शंभराहून अधिक मंडळ्यांनी पंथाच्या सामायिक निधीचे पैसे रोखण्याची भाषा केली. २०२१ मध्ये ते आयोगातून बाहेर पडले, पंथातूनही. पुढे २०२३ साली एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी सांगितले, की एकाहून अधिक पाळकांनी त्यांना तोच अनुभव कळवला होता. उपदेशात 'दुसरा गाल पुढे कर' हे वचन ओघात आले, आणि उपासनेनंतर कोणीतरी येऊन विचारले, हे उदारमतवाद्यांचे मुद्दे तुम्ही आणता कुठून? पाळक म्हणाला, मी येशू ख्रिस्ताचेच शब्द म्हणून दाखवले. त्यावर उत्तर आले, की ते आता चालत नाही, ते दुबळेपणाचे आहे.

हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. ज्यात हे वचन येते ते येशूचे डोंगरावरील प्रवचन जिथे लाजेची गोष्ट ठरते, तिथे निवडणूक कोण जिंकले हा प्रश्न फार नंतरचा आहे.

मॅक्लीन बायबल चर्चची हकिगत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. व्हर्जिनियातल्या आपल्या काही ओळखीच्यांनी तर ती जवळून पाहिली. २ जून २०१९, रविवार दुपार. तिथले पाळक डेव्हिड प्लॅट यांचा उपदेश संपला होता, मंडळी प्रभुभोजनाच्या तयारीत होती. तेवढ्यात त्यांना मागे बोलावून सांगण्यात आले, की राष्ट्राध्यक्ष काही मिनिटांत येत आहेत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी अशी त्यांची इच्छा आहे. ट्रम्प गोल्फच्या मैदानावरून तसेच आले. प्लॅट यांनी १ तीमथ्य २ मधले, राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे वचन धरून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पक्षाचा उल्लेख नाही, स्तुती नाही. राष्ट्राध्यक्ष काही न बोलता गेले. तरी मंडळीतले काही लोक दुखावले. त्यांची कारणे खरी आहेत, असे प्लॅट यांनी त्याच दिवशी सभासदांना पत्र लिहून मान्य केले. मग दुसरी बाजू संतापली: प्रार्थना केल्याचे स्पष्टीकरण द्यायचेच कशाला? पुढची दोन वर्षे वंशभेदावरचे त्यांचे बोलणे, महामारीतले निर्णय, सगळे त्या एका हिशेबात जमा होत गेले. जून २०२१ मध्ये नवे वडीलजन निवडताना आवश्यक ती तीन चतुर्थांश मते पडली नाहीत. चर्चची इमारत मशिदीसाठी मुसलमानांना विकणार, असे सभासदांना सांगितले गेल्याचे खुद्द प्लॅट यांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून सांगितले. जुलैत पुन्हा मतदान होऊन वडीलजन निवडले गेले, आणि विरोधक कोर्टात गेले. शास्त्रात स्पष्ट सांगितलेली एक प्रार्थना, आणि तिचा शेवट वकिलांच्या दारात!

पाळक आणि मंडळी नेहमी याच बाजूंना असतात असेही नाही. २०१६ मध्ये लिबर्टी या इव्हँजेलिकल विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी फॉलवेल ज्युनियर यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, तेव्हा त्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी लेखी निषेध केला. डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध सुवार्तिक बिली ग्रॅहम यांनी स्थापलेल्या 'ख्रिस्तियानिटी टुडे' मासिकाचे संपादक मार्क गाली यांनी ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे लिहिले. ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनी ताबडतोब जाहीर केले, की वडिलांनी २०१६ ला ट्रम्प यांनाच मत दिले होते. आणि २०२४ च्या जुलैत रिपब्लिकन पक्षाने गर्भपातावर देशव्यापी बंदीची, चाळीस वर्षे जाहीरनाम्यात असलेली मागणी काढून टाकली. तेव्हा काही इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी कळवळून विरोध केला. मंडळ्यांमधून फारसा आवाज उठला नाही. गर्भातल्या जिवासाठी मत देतो, असे मला अनेक भावांनी मनापासून सांगितले आहे, आणि त्यांच्या त्या मनाचा मी आदर करते. म्हणूनच त्यांना विचारते, की पक्षानेच ते कलम सोडले तेव्हा आपल्या पाळकाला तुम्ही त्यावर बोलू दिलेत का?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते: परक्याची, म्हणजे स्थलांतरिताची, गोष्ट. मराठी सहभागितेत हा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते, "आपण कायदेशीर आलो." खरेच आहे. पण आपल्यातली किती कुटुंबे ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी आहेत, मुलगा एकवीस वर्षांचा होऊन आईबापांच्या व्हिसावरून उतरला की त्याचे काय या काळजीत आहेत, हे वडीलजनांना प्रार्थनेच्या विनंत्यांवरून माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या व्हिसाच्या, म्हणजे एच-१बीच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा दोन दिवस आपल्या व्हॉट्सअॅप गटात उपासाच्या प्रार्थनेचे निरोप फिरत होते. ते योग्यच होते. मात्र त्याच वर्षी जानेवारीत, चर्च, शाळा, इस्पितळे अशा ठिकाणी कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचे जुने धोरण सरकारने मागे घेतले, तेव्हा आपल्या गटात एकही निरोप आला नाही.

मी जिथे इंग्रजी उपासनेला जाते, त्याच इमारतीत दुपारी स्पॅनिश मंडळी जमते. सकाळची कॉफीची भांडी आम्ही धुतो, दुपारची ते धुतात. स्वयंपाकघराची किल्ली एकच. त्या जानेवारीनंतर त्यांच्यातला एक जण उपासनाभर आतून दाराशी खुर्ची टाकून बसू लागला. दार कुलूपबंद. उशिरा आलेल्याने काचेवर टकटक करायची, त्याने चेहरा ओळखून उघडायचे. मुलांचा रविवारचा वर्ग खिडकी नसलेल्या खोलीत हलवला. आम्ही अकरा वाजता तेच दार सताड उघडे ठेवून हसतमुखाने लोकांचे स्वागत करतो, आणि दोन वाजता त्याच दारामागे ख्रिस्ताचे लोक घाबरून बसलेले असतात. आमच्या पाळकांनी यावर एकदा बोलायचे ठरवले. लेवीय १९ घेतले: तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयाला स्वदेशीयासारखे वागवा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परदेशी होता. कायदा मोडा असे ते म्हणाले नाहीत, कोणा नेत्याचे नाव घेतले नाही. पुढच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रकाचा कागद वाटला गेला, त्यात दानार्पणाचा आकडा खाली होता. एका सभासदाने उभे राहून विचारले, "पास्टर, तुमच्या त्या उपदेशाचा याच्याशी संबंध आहे असे तुम्हाला वाटते का?" ते काहीच बोलले नाहीत. आणि वडीलमंडळातले कोणीही बोलले नाही. त्यानंतर तो विषय व्यासपीठावर आलेला नाही.

वडीलजनहो, माझा राग त्या प्रश्न विचारणाऱ्या सभासदावर नाही. त्याने निदान उभे राहून, सगळ्यांदेखत विचारले. माझे दुःख त्या गप्प बसलेल्या रांगेचे आहे.

या विषयावर पुढारी आणि मंडळी यांच्यातले अंतर किती आहे पाहा. २०१२ मध्ये अनेक इव्हँजेलिकल संस्थांनी एकत्र येऊन स्थलांतरितांच्या प्रश्नावर 'इव्हँजेलिकल इमिग्रेशन टेबल' उभे केले. वर्ल्ड रिलीफ ही नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्सच्या छत्राखालची संस्था तर कित्येक दशके निर्वासितांना घर, काम, शाळा मिळवून देत आली आहे. पण २०१५ च्या लाइफवे रिसर्चच्या पाहणीत स्थलांतराविषयीचे आपले मत मुख्यतः पवित्र शास्त्रावरून बनले, असे सांगणारे इव्हँजेलिकल जेमतेम १२ टक्के निघाले. शास्त्रच शेवटचा अधिकार म्हणणाऱ्या लोकांचा हा आकडा आहे. आणि मार्च २०२५ मध्ये इव्हँजेलिकल व कॅथलिक संस्थांनी मिळून काढलेल्या अहवालात म्हटले, की अमेरिकेतल्या दर बारा ख्रिस्ती माणसांपैकी एक जण स्वतः हद्दपार होण्याच्या धोक्यात आहे किंवा अशा माणसाबरोबर एका घरात राहतो. म्हणजे हा विषय बातम्यांतून चर्चमध्ये शिरलेला नाही. तो आपल्याशेजारच्या बाकावर बसलेला आहे.

आता कोणी म्हणेल, पाळकाने आत्म्याचे बोलावे, जगाचे नको. या सल्ल्याचा इतिहास नगरच्या माणसाने तरी जाणावा. आपल्या पणजोबांना शुभवर्तमान सांगणारी अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाली, १८३१ मध्ये नगरला आली. ती ज्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवली, तेच बोर्ड आपल्या देशातल्या गुलामगिरीवर ठाम बोलायला कचरत होते, गुलाम बाळगणाऱ्यांचे दान घेत होते. हे सहन न होऊन काही जण बाहेर पडले आणि १८४६ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन स्थापन केली. त्याच्या आदल्या वर्षी, १८४५ मध्ये, गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही या वादातून सदर्न बॅप्टिस्ट वेगळे झाले. त्यांनी क्षमा मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. मधल्या काळात किती पाळकांना 'फक्त आत्म्याचे बोला' सांगितले गेले असेल! जानेवारी १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या २८ गोऱ्या मेथडिस्ट पाळकांनी वंशभेदाविरुद्ध एक निवेदन काढले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वर्षा-दोन वर्षांत ते राज्य सोडावे लागले. त्यांना काढणारे सरकार नव्हते. त्यांच्याच मंडळ्या होत्या.

आणि धर्माच्या पुढाऱ्यांशी मतभेद कसा करावा, हे मराठी ख्रिस्ती माणसाला दुसरीकडे शिकायला जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि लगेचच तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. आज्ञापालनाच्या नावाखाली माझा विवेक तुमच्या स्वाधीन करणार नाही, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. तरी पत्रे थांबली नाहीत, ख्रिस्त सुटला नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. रागाने धर्म टाकला नाही. आपल्याला आज सोयीचे ते ऐकवणारा चर्च गाडी काढून वीस मिनिटांत सापडतो. त्यामुळे न पटलेल्या पाळकाच्या समोर बसून भांडण्याची आपली सवयच गेली आहे. खरे तर या देशातले बरेचसे राजकीय भांडण भांडणाने मिटलेलेच नाही. लोक नुसते निघून गेले. २०१६ नंतर कितीतरी कृष्णवर्णीय विश्वासी गोऱ्या बहुसंख्येच्या मंडळ्यांतून हळूच उठून गेले, आणि कित्येक ठिकाणी त्यांची रिकामी जागा कोणाच्या लक्षातही आली नाही.

पाळकसाहेब, तुमची अवस्था मला कळते. मार्च २०२२ मध्ये चर्चविषयक पाहण्या करणाऱ्या बार्ना संस्थेच्या पाहणीत ४२ टक्के पाळकांनी पूर्णवेळ सेवा सोडण्याचा विचार वर्षभरात केल्याचे सांगितले, आणि त्यांच्या कारणांत ताण व एकटेपणा यांच्या पाठोपाठ राजकीय फूट होती. तुम्हाला घर चालवायचे आहे, आपल्यातल्या काहींचा तर व्हिसाच मंडळीच्या नोकरीवर आहे. म्हणून हे ओझे एकट्या पाळकावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि म्हणूनच हे पत्र वडीलमंडळांनाही आहे.

गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. पेत्र अंत्युखियास परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही लोक आले, तसा तो त्यांना भिऊन मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचेही सरले, बर्णबासुद्धा. पेत्राची शिकवण बदलली नव्हती, फक्त त्याने ताट हलवले होते. पौल त्याला सर्वांसमोर, तोंडावर बोलला. पेत्राने पौलाचे नाव कापले नाही आणि पौलाने वेगळे चर्च काढले नाही.

त्या धैर्याला आपल्या नियमांत थोडी जागा करून द्या. उपदेशासाठी शास्त्रातले एकेक पुस्तक क्रमाने घ्या. मग लेवीय १९ आले तर ते पाळकाने मुद्दाम शोधून काढले असे कोणी म्हणणार नाही, आणि ते गाळले तर सगळ्यांना दिसेल. पाळकाचे मानधन आणि नेमणूक एखाद्या उपदेशावरून हलवता येणार नाही, असा ठराव निवडणुकीच्या आधी लेखी करा. महिन्याच्या सहभागितेत जेवणाआधी अर्धा तास ठेवा, ज्याला उपदेश पटला नाही त्याने उभे राहून शास्त्र उघडून विचारावे, पाळकाने उत्तर द्यावे, आणि मग सगळ्यांनी एकाच पंगतीला बसावे. राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल, महापौर यांच्यासाठी दर रविवारी नाव घेऊन प्रार्थना करा, कोणत्याही पक्षाचे असोत. सवय असली की तिचा कोणी राजकीय अर्थ लावत नाही. उमेदवारांचे फोटो आणि चित्रफिती मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर येऊ देऊ नका, गटचालक वडीलजन असले तरीही. आणि मत कोणालाही दिलेले असो, त्यावरून कोणाचे प्रभुभोजन अडवू नका.

माझी विनंती आहे की हे पत्र वडीलमंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी मला सांगावे. मी येईन, बसेन, ऐकेन आणि बोलेन. आणि त्या बैठकीत आधी एवढे एकच ठरवा: पुढच्या वार्षिक सभेत पाळकाला तो प्रश्न विचारला गेला, तर तुमच्यापैकी कोण उभे राहणार आहे.

ख्रिस्तात आपली बहीण,
एक सभासद, टेक्सास